लाव्हा नलिका गुहा

लाव्हा नलिका गुहा म्हणजे ज्वालामुखीतून बाहेर पडलेला लाव्हारस स्वतःच्याच गोठलेल्या कवचाखालून वाहून गेल्यावर मागे राहिलेली बोगद्यासारखी पोकळी होय. चुनखडीच्या गुहा पाण्यात खडक विरघळून हजारो-लाखो वर्षांत तयार होतात. लाव्हा नलिका मात्र उद्रेक चालू असतानाच, काही दिवसांत किंवा फार तर काही वर्षांत आकार घेते. त्यामुळे गुहेचे वय आणि तिच्या खडकाचे वय जवळजवळ एकच असते. महाराष्ट्रात ‘गुहा’ म्हटले की अजिंठा, वेरूळ, कार्ले किंवा कान्हेरी यांची आठवण होते. परंतु ती माणसाने बेसाल्ट खडकात कोरलेली लेणी आहेत. ज्या खडकात ती कोरली, तो खडक लाव्हाचा असला तरी त्या पोकळ्या लाव्हाने केलेल्या नाहीत.

निर्मिती

पातळ, सहज वाहणारा बेसाल्टी लाव्हा सुमारे ११०० ते १२०० अंश सेल्सिअस तापमानाला बाहेर पडतो. हवेशी संपर्क येताच प्रवाहाचा पृष्ठभाग थंड होऊन त्यावर साय धरावी तसे कवच धरते. कवच जाड होत जाते आणि आतील लाव्हाची उष्णता कोंडली जाते. अशा झाकलेल्या प्रवाहाचे तापमान किलोमीटरमागे जेमतेम एखाद्या अंशाने, कित्येकदा त्याहूनही कमी घटते. म्हणूनच लाव्हा मुखापासून फार दूर पोहोचू शकतो. उद्रेक मंदावला आणि जमिनीला पुरेसा उतार असला, तर नळीतील लाव्हा पुढे निघून जातो व पोकळी उरते. उतार नसेल तर लाव्हा आतच गोठतो आणि गुहा तयार होत नाही. छताचा भाग कोसळून पडलेली भोके बहुधा गुहेचे प्रवेशद्वार ठरतात.

हवाई बेटावरील कझुमुरा ही ज्ञात लाव्हा नलिकांमध्ये सर्वांत लांब असून तिची लांबी सुमारे ६५ किलोमीटर आहे. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड राज्यात उंडारा ज्वालामुखीतून सुमारे १ लाख ९० हजार वर्षांपूर्वी निघालेला एक प्रवाह नलिकांच्या आधाराने १६० किलोमीटर अंतरापर्यंत गेला.

मार्गदर्शित भेट

उंडारा येथील नलिकांमध्ये पर्यटकांना केवळ मार्गदर्शकासोबतच प्रवेश मिळतो. आइसलँडची राजधानी रेक्याविकजवळील सुमारे १३६० मीटर लांबीची रॉयफारहोल्सहेट्लिर ही नलिकाही २०१७ पासून अशाच फेऱ्यांसाठी खुली झाली. शिरस्त्राण आणि दिवा ही अशा भेटीची किमान सामग्री. छत अनेक ठिकाणी डोक्याला लागेल इतके खाली येते आणि गोठलेल्या लाव्हाची धार हात कापते. जमिनीवर कोसळलेल्या दगडांचा ढीग असतो किंवा वाहता वाहता थिजलेल्या लाव्हाच्या दोरखंडासारख्या वळ्या असतात.

मार्गदर्शकाच्या दिव्याबरोबर भिंतीकडे पाहिले तर एकाखाली एक अशा आडव्या रेषा व कट्टे दिसतात. लाव्हाची पातळी जेथे काही काळ स्थिरावली, तेथे त्या उमटलेल्या आहेत. पूर ओसरल्यावर घाटाच्या पायऱ्यांवर खुणा राहाव्यात, तशा. छतावरून लोंबणारी बोटभर लांबीची शिलाटोके हा गुहेतील सर्वांत नाजूक भाग होय. ती चुनखडीच्या गुहांतील लवणस्तंभांसारखी दिसतात, पण त्यांचा स्वभाव वेगळा आहे. लवणस्तंभ पाण्याच्या थेंबाथेंबाने आजही वाढू शकतो. लाव्हाची टोके छत वितळलेल्या अवस्थेत असतानाच ओघळून तयार झाली. एकदा मोडली की ती पुन्हा येणार नाहीत. आइसलँडमध्ये गुहांतील अशा टोकांना १९७४ पासून कायद्याचे संरक्षण आहे. तरीही रॉयफारहोल्सहेट्लिरमधील कितीतरी टोके तत्पूर्वीच्या व नंतरच्या मुक्त वावरात नाहीशी झाली. मार्गदर्शक ‘हात लावू नका’ असे वारंवार सांगतो, ते केवळ शिस्तीसाठी नव्हे.

सोबतीची अन्य कारणेही आहेत. उंडारा प्रदेशातील बेलिस गुहेत कार्बन डायऑक्साइडचे प्रमाण घातक ठरावे इतके वाढलेले आढळते आणि हा वायू डोळ्यांना दिसत नाही. अमेरिकेत २००६ मध्ये प्रथम आढळलेला वटवाघळांचा बुरशीजन्य रोग माणसांच्या बुटांवरून व कपड्यांवरून दुसऱ्या गुहेत जाऊ शकतो. म्हणून कॅलिफोर्नियातील लाव्हा बेड्स येथे गुहेत जाण्यापूर्वी विचारपूस केली जाते. हवाईतील काही नलिकांमध्ये तेथील मूळ रहिवाशांच्या पूर्वजांच्या अस्थी ठेवलेल्या आहेत. तेथे कुतूहलापेक्षा मर्यादा मोठी मानली जाते.

दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरील सुमारे ७.४ किलोमीटर लांबीच्या मांजांगगुल गुहेची शोधकथा शाळेशी निगडित आहे. १९४६ मध्ये बू जोंग-ह्यू या प्राथमिक शिक्षकाने आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन, मशालींच्या उजेडात तिचे अन्वेषण केले. जेजूच्या लाव्हा नलिकांचा समावेश २००७ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला.

महाराष्ट्रातील स्थिती

दख्खनचे पठार सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्हाप्रवाहांचे असून आजही ते सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र व्यापते. एवढ्या लाव्हाच्या प्रदेशात चालत जाता येईल अशा नलिका का आढळत नाहीत, हा प्रश्न स्वाभाविक आहे. काही नळ्या नंतरच्या प्रवाहांखाली गाडल्या गेल्या, काहींत नवा लाव्हा शिरून गोठला, तर काही कोसळून झिजल्या. शिवाय येथील बरेच प्रवाह जवळजवळ सपाट भूमीवर पसरले, त्यामुळे नळ्या रिकाम्या होण्यास वाव कमी होता.

पुणे जिल्ह्यातील दौंडजवळ मात्र संभाव्य लाव्हा नलिकांचे अवशेष उघडे पडले आहेत. दुराईस्वामी, बोंद्रे व डोळे या भूवैज्ञानिकांनी २००४ मध्ये त्यांचे वर्णन प्रसिद्ध केले. या नलिकांना फाटे फुटलेले आहेत व त्या सलग नाहीत. छत कोसळले आहे. पण मूळ भिंती आणि छताचे तुकडे अनेक जागी शिल्लक आहेत. काही भिंतींवर लाव्हाच्या अस्तराचा एकच थर दिसतो, तर काहींवर गुळगुळीत, बहुकोनी भेगांचे जाळे असलेला दुसराही थर आढळतो. येथे येणारा माणूस गुहेत शिरत नाही. उघड्या उन्हात तो गुहेच्या भिंतींमधून चालतो. ‘संभाव्य’ हा शब्द संशोधकांनी जाणीवपूर्वक वापरला आहे. त्याआधी २००२ मध्ये पश्चिम भारतात लाव्हा नलिकांचे विस्तृत जाळे असल्याचे मत मांडले गेले होते, त्यावर इतर भूवैज्ञानिकांनी आक्षेप घेतले होते.

पूर्व विदर्भात असा शोध घेण्यात अर्थ नाही. भंडारा जिल्ह्यातील एकोडीच्या परिसरात ज्या खडकांचे राज्य आहे, ते दख्खनच्या लाव्हापेक्षा कितीतरी प्राचीन, रूपांतरित खडक होत. साकोलीच्या नावावरूनच त्यांच्या एका समूहाला ‘साकोली समूह’ म्हणतात. एकोडीहून पश्चिमेस निघालेल्या विद्यार्थ्याला दख्खनचा बेसाल्ट नागपुरात, सीताबर्डीच्या टेकडीवर भेटतो. गोंदिया जिल्ह्यातील कचारगडची प्रसिद्ध गुहा नैसर्गिक असली, तरी दख्खनच्या लाव्हाशी तिचा संबंध नाही.

चंद्रावरील नलिका

चंद्रावरही बेसाल्टी लाव्हा वाहिला आहे. जपानच्या कागुया यानाच्या छायाचित्रांत २००९ मध्ये तेथील मारियस टेकड्यांजवळ, नलिकेचे छत फुटून झाले असावे असे एक खोल विवर आढळले. चांद्रयान-१ वरील भूरूप-मापन कॅमेऱ्याच्या चित्रांवरून अहमदाबाद येथील शास्त्रज्ञांनी २०११ मध्ये सुमारे १.७ किलोमीटर लांबीची, न कोसळलेली नलिका ओळखल्याचे प्रसिद्ध केले. प्रारण, उल्कापात आणि दिवस-रात्रीच्या तापमानातील टोकाचा फरक यांपासून आडोसा मिळत असल्याने भावी चांद्रवस्तीसाठी त्यांनी ही जागा सुचवली.