मायक्रोवेव्हचं बेंच आणि तांब्याची पट्टी

इलेक्ट्रॉनिक्सचा विद्यार्थी तिसऱ्या वर्षापर्यंत तारेला तारच समजतो. एका टोकाला जेवढं व्होल्टेज, तेवढंच दुसऱ्या टोकाला. हा समज मोडायला कॉलेजच्या लॅबमधल्या मायक्रोवेव्ह बेंचइतकं चांगलं साधन नाही. सुरुवातीला क्लिस्ट्रॉन, मग आयसोलेटर, अ‍ॅटेन्युएटर, फ्रिक्वेन्सी मीटर आणि स्लॉटेड लाइन, सगळी आयताकृती पोकळ नळीने जोडलेली. एक्स-बँडच्या या नळीची आतली रुंदी २२.८६ मिलिमीटर, उंची १०.१६.

स्लॉटेड लाइनच्या खाचेतून प्रोब हळूहळू सरकवायचा. मीटरची सुई चढते, पडते, पुन्हा चढते. सुई तळाला जाते अशा लगतच्या दोन जागांमधलं अंतर व्हर्नियरवर वाचायचं. १० गिगाहर्ट्झला ते सुमारे २० मिलिमीटर भरतं. हुशार मुलगी इथेच अडते: हवेत या लहरीची लांबी ३० मिलिमीटर, तिची निम्मी १५, मग २० कसे? लहर नळीच्या भिंतींवर आपटत तिरकी पुढे जाते, म्हणून नळीच्या दिशेने मोजलेली तिची लांबी वाढते. आणि साधारण ६.५६ गिगाहर्ट्झच्या खाली ती या नळीतून जातच नाही. असा प्रश्न स्वतःहून पडलेला विद्यार्थी सूत्र विसरत नाही.

पुढे येतो स्मिथ चार्ट, लाइनवरच्या इम्पीडन्सचं गणित कागदावर सोडवायचा आलेख. बेल लॅबच्या फिलिप स्मिथ यांनी तो १९३९ साली ‘इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकात मांडला. आज संगणक हे गणित क्षणात करतो, तरी एकदा पेन्सिल-कंपासने ते सोडवलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

पण बेंचवर लहर दिसते, सर्किटची रचना शिकता येत नाही. ती शिकवते तांब्याची पट्टी. १.६ मिलिमीटर जाडीच्या साध्या एफआर-४ बोर्डावर ५० ओहमची रेषा सुमारे ३ मिलिमीटर रुंद येते. तिला ४१ मिलिमीटरच्या आसपास लांबीचा, टोकाला मोकळा फाटा जोडला, की १ गिगाहर्ट्झजवळचा सिग्नल तिथेच अडतो. टोक कुठेही जोडलेलं नसताना शॉर्ट! ब्लेडने फाटा थोडा कापा. नेटवर्क अ‍ॅनालायझरच्या पडद्यावरचा खड्डा वरच्या फ्रिक्वेन्सीकडे सरकतो. पूर्वी हे यंत्र मोजक्या प्रयोगशाळांत असे. आता तळहाताएवढा नॅनोव्हीएनए काही हजार रुपयांत मिळतो.

म्हणून अभ्यासमंडळांना विनंती: बेंच मोडीत काढू नका. पण जर्नलमधल्या उतरवलेल्या रीडिंगचे गुण कमी करा आणि ते विद्यार्थ्याने स्वतः आखलेल्या, बनवलेल्या आणि मोजलेल्या एका फिल्टरला द्या.