दिवे घड्याळावर, फवारा हवेवर

खोलीच्या कोपऱ्यात मांडणी करून नेचे, ऑर्किड किंवा भाजीची रोपे वाढवायची, तर उजेड आणि दमटपणा दोन्ही बाहेरून पुरवावे लागतात. ही दोन्ही कामे यंत्रावर सोपवता येतात. मात्र दिवे घड्याळावर चालतात, फवारा हवा पाहून चालवावा लागतो.

पालेभाज्यांच्या रोपांना एलईडीचा उजेड रोज १४ ते १६ तास दिला जातो. उरलेल्या वेळात पूर्ण अंधार असावा. दिवस-रात्रीच्या लांबीवर फुलोरा अवलंबून असतो, हे गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९२० मध्ये दाखवून दिले. शेवंतीला फुलण्यासाठी लांब रात्र लागते. मध्यरात्री दिवा लागला तर तिला कळ्या येणे लांबते. म्हणून दिव्यांची वेळ रोज तीच हवी, आणि ती टायमर पाळतो. साध्या टायमरच्या चकतीवर दर १५ मिनिटांना एक खिटी असते. वीज गेली की चकती थांबते. दोन तास वीज नसेल, तर पुढे दिवे रोज दोन तास उशिराच लागतात. लोडशेडिंगच्या भागात बॅटरीवर वेळ राखणारा डिजिटल टायमर बरा. वीस वॅटच्या चार नळ्या १४ तास चालल्या, तर दिवसाला १.१२ युनिट वीज जाते.

फवाऱ्यासाठी छोटा पंप, नळी आणि बारीक तोंडाची नोझल लागतात. इथे खिटीचा टायमर निरुपयोगी, कारण सलग १५ मिनिटांच्या फवाऱ्याने कुंडीत चिखल होतो. शिवाय एप्रिलमधली पुण्याची कोरडी दुपार आणि जुलैमधली कोकणातली ओलसर हवा यांतला फरक टायमरला कळत नाही. तो आर्द्रता नियंत्रकाला कळतो. आर्द्रता ६० टक्क्यांखाली गेली की पंप सुरू आणि ७० टक्क्यांवर बंद, असे अंतर ठेवावे. एकच आकडा ठेवला तर पंप सारखा चालू-बंद होत राहतो. सेन्सर थेट तुषारात किंवा दिव्याखाली बसवू नये, नाहीतर तो चुकीचा आकडा दाखवतो.

बोअरवेलच्या जड पाण्याने पानांवर पांढरे डाग पडतात आणि नोझल तुंबतात. त्याऐवजी पावसाचे किंवा आरओने शुद्ध केलेले पाणी वापरावे. पाने रात्रभर ओली राहिली तर बुरशी धरते. म्हणून दिवे मालवण्याच्या तासभर आधी फवारा थांबावा आणि लहान पंखा हवा हलती ठेवत राहावा.

पाणी आणि वीज शेजारी नांदणार असल्याने प्लग, टायमर पाण्याच्या पातळीपेक्षा वर बसवावेत. वायर आधी खाली झोळ देऊन मग प्लगकडे न्यावी, म्हणजे तिच्यावरून ओघळणारे पाणी प्लगपर्यंत पोहोचत नाही. सर्किटवर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, असावाच. पहिले आठ दिवस यंत्रणेवर रोज नजर ठेवावी. ती बिनचूक चालते अशी खात्री पटल्यावरच रोपे तिच्या भरवशावर सोडून गावाला जावे.