लिंबाने रक्त पातळ होत नाही

'रोज अनशेपोटी लिंबूपाणी घ्या, रक्त पातळ राहतं, गुठळी होत नाही, मग त्या गोळ्या कशाला?' हा सल्ला मोबाइलवरून फिरतो, नातेवाईक एकमेकांना देतात, आणि तो पुन्हापुन्हा कानावर पडतो. हृदयात कृत्रिम झडप बसवलेल्या किंवा पायाच्या शिरेत गुठळी होऊन गेलेल्या माणसाने तो मनावर घेतला आणि गोळी बंद केली, तर झडपेवर किंवा शिरेत पुन्हा गुठळी धरू शकते. झडपेवरची गुठळी सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. त्यामुळे हा सल्ला 'घेऊन बघायला काय हरकत आहे' या जातीचा नाही. चीड येते ती आणखी एका कारणाने: त्याच्या मुळाशी एक खरी गोष्ट आहे, आणि तिच्याच आधारावर खोटी गोष्ट उभी केली जाते.

खरी गोष्ट अशी. लिंबाचा आंबटपणा मुख्यतः सायट्रिक आम्लाचा, आणि त्या आम्लाचा क्षार म्हणजे सायट्रेट. रक्त गोठायला कॅल्शियम लागतं. सायट्रेट ते कॅल्शियम धरून ठेवतं आणि गोठण्याची प्रक्रिया तिथेच अडते. १९१४ साली बेल्जियममध्ये आल्बेर हुस्तां यांनी आणि अर्जेंटिनात लुईस आगोते यांनी सायट्रेट मिसळलेलं रक्त रुग्णांना दिलं. १९१५ साली न्यूयॉर्कमध्ये रिचर्ड लुइसन यांनी त्याचं सुरक्षित प्रमाण दाखवून दिलं, आणि रक्त साठवून ठेवण्याची वाट मोकळी झाली. आजही गोठण्याच्या तपासणीसाठी रक्त घेतात ती फिकट निळ्या झाकणाची नळी सायट्रेटचीच असते. नळीतलं रक्त सायट्रेटमुळे गोठत नाही, याबद्दल कुणाचंच दुमत नाही.

पण नळी म्हणजे शरीर नव्हे. त्या नळीत नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेटचं द्रावण असतं, आणि तिथली सायट्रेटची पातळी आपल्या रक्तातल्या नेहमीच्या पातळीच्या सुमारे शंभरपट असते. नेहमीची पातळी म्हणण्याचं कारण, सायट्रेट आपल्या रक्तात असतंच. पेशी ऊर्जा निर्माण करताना ते बनवतात आणि वापरूनही टाकतात. लिंबातून आलेलं सायट्रेट याच वाटेने जातं: आतड्यातून हळूहळू शोषलं जातं, यकृतात आणि इतर पेशींत जळतं आणि त्यातून बायकार्बोनेट तयार होतं. मुतखड्याच्या अनेक रुग्णांना पोटॅशियम सायट्रेट महिनोन्महिने दिलं जातं, आणि त्याची रोजची मात्रा दोन लिंबांतल्या सायट्रेटइतकी सहज भरते. त्यांचं रक्त गोठायचं थांबत नाही. प्लेटलेट-दानाच्या वेळी तर सायट्रेट थेट शिरेत जातं. तेव्हा कॅल्शियम घटल्यामुळे दात्याच्या ओठांभोवती मुंग्या येतात, रक्तस्राव मात्र होत नाही. रक्त गोठणार नाही इतकं कॅल्शियम शरीरात खाली आणायचं म्हटलं, तर त्याच्या कितीतरी आधी हृदयाचे ठोके बिघडून माणूस दगावेल.

यावर हमखास येणारा आक्षेप म्हणजे, 'लिंबाच्या, संत्र्याच्या सालीच्या अर्कावर शोधनिबंध आहेत, त्यात रक्त गोठायला जास्त वेळ लागला असं दाखवलंय.' निबंध आहेत. ते वाचताना प्रयोग कसा केला, हे आधी पाहावं. सहसा सायट्रेटच्या नळीतला रक्तद्रव घेतात, त्यात अर्क मिसळतात, मग कॅल्शियम परत घालून गोठायला किती सेकंद लागतात ते मोजतात. अर्क स्वतःच आम्ल आणि सायट्रेटने भरलेला असेल, तर परत घातलेलं कॅल्शियम तो धरून ठेवणार, आणि आम्लतेने गोठण्याची विकरंही मंदावणार. त्यात नवा औषधी गुण सिद्ध झाला असं म्हणायचं, तर तेवढीच आम्लता आणि तेवढंच सायट्रेट असलेल्या साध्या द्रावणाशी तुलना हवी. शिवाय नळीत अर्काची जी तीव्रता वापरतात, ती फळ खाऊन रक्तात येत नाही. संत्र्यातलं हेस्पेरिडिनसारखं द्रव्य शोषलं जातं तेही थोडं, आणि बहुतांशी रूप बदलून. असे निबंध संशोधनाची पहिली पायरी म्हणून ठीक आहेत. त्यांवरून कुणाची गोळी बंद करणं हा बेजबाबदारपणा आहे.

दुसरा आक्षेप अधिक हुशारीचा आहे: 'वॉर्फरिन हे गुठळीविरोधी औषध वनस्पतीतूनच आलं, कुमारिनपासून, आणि लिंबवर्गीय सालीत कुमारिनं असतात.' वॉर्फरिनचा इतिहास खरा आहे. १९२०च्या दशकात कॅनडात आणि अमेरिकेच्या उत्तर भागात बुरशी आलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरत होती. विस्कॉन्सिन विद्यापीठात कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेने त्या चाऱ्यातून डायकुमारॉल वेगळं काढलं आणि पुढे त्यावरून वॉर्फरिन घडवलं. पण चाऱ्यातल्या साध्या कुमारिनने गुरं मेली नव्हती. बुरशीने त्याची रचना बदलल्यावर ते घातक झालं. साध्या कुमारिनला वॉर्फरिनसारखं के जीवनसत्त्वाचं काम अडवता येत नाही, आणि सालीतली कुमारिनंही ती बदललेली रचना नव्हेत. रासायनिक कुळ एक म्हणून गुणही एक, असं नसतं.

खरं तर लिंबाचं रक्तस्रावाशी असलेलं सिद्ध नातं नेमकं उलट आहे. १७४७ साली जेम्स लिंड यांनी 'सॅलिसबरी' जहाजावर स्कर्व्हीच्या बारा खलाशांवर वेगवेगळे उपाय करून पाहिले. संत्री आणि लिंबं मिळालेले दोघे सर्वांत आधी सुधारले. स्कर्व्हीत हिरड्यांतून, त्वचेखाली रक्त येतं, कारण सी जीवनसत्त्वाअभावी कोलॅजन नीट बनत नाही आणि रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात. लिंबाने तो रक्तस्राव थांबतो. १९३६ साली सेंट-ज्यॉर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लिंबवर्गीय फ्लॅव्होनॉइडना 'पी जीवनसत्त्व' म्हटलं, तेही केशवाहिन्यांतली गळती कमी होते या दाव्यावर. तो दावा टिकला नाही, १९५०च्या सुमारास ते नावही मागे पडलं.

लिंबवर्गीय फळांतल्या अँटिऑक्सिडंटनी हृदय वाचतं, हा मुद्दाही याच रांगेतला. परीक्षानळीत संत्र्याचा रस तपासणीच्या जांभळ्या द्रावणाचा रंग घालवतो, म्हणून तो धमन्यांचंही रक्षण करतो असं ठरत नाही. असे नळीतले आकडे जाहिरातींत वापरले जाऊ लागले, तेव्हा अमेरिकेच्या कृषी खात्याने अँटिऑक्सिडंट क्षमतेची आपली यादीच २०१२ साली मागे घेतली. त्याआधी, २००८ साली, चौदा हजारांहून अधिक पुरुष डॉक्टरांवरच्या दीर्घ चाचणीचे निष्कर्ष आले होते: रोज ५०० मिलिग्रॅम सी जीवनसत्त्व घेऊन हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात कमी झाला नाही. फळं खावीत, त्यांत तंतू, पोटॅशियम, फोलेट आहे. एका गुणाचा अर्क काढून त्याला औषध म्हणू नये.

आता ज्याची खरोखर काळजी घ्यायची, त्याबद्दल कुणी बोलत नाही. कॅनडात डेव्हिड बेली यांच्या गटाला १९८९ साली योगायोगाने आढळलं की ग्रेपफ्रूटच्या रसाने रक्तदाबाच्या एका औषधाची रक्तातली पातळी चढते. त्यातली फ्युरानोकुमारिनं आतड्यातलं औषध मोडणारं विकर बंद पाडतात. फिनलंडमधल्या संशोधकांनी पुढे हेच गुठळीविरोधी औषधांबाबत तपासलं. टिकाग्रेलोरची रक्तातली मात्रा दुपटीहून अधिक वाढली. क्लोपिडोग्रेलचं सक्रिय रूप मात्र सुमारे एक-सप्तमांशावर आलं, म्हणजे गोळी घेऊनही तिचा परिणाम कमी. एकच फळ, दोन गोळ्या, परिणाम उलटसुलट. पपनस हे ग्रेपफ्रूटचं एक जनक फळ आणि त्यातही ही द्रव्यं असतात. नागपुरी संत्रं आणि मोसंबी यांबाबत अशी चिंता सहसा नसते.

बाकीचे समज थोडक्यात. जखम असताना आंबट खाल्लं की ती चिघळते, हे खोटं. जखम भरायला सी जीवनसत्त्व लागतंच. पाळीत लिंबू खाल्ल्याने रक्तस्राव वाढतो, यालाही आधार नाही. लिंबाने रक्त आम्लधर्मी होत नाही, कारण फुप्फुसं आणि मूत्रपिंडं ते ७.३५ ते ७.४५ पीएचमध्येच ठेवतात. गरम लिंबूपाण्याने चरबी वितळत नाही.

लिंबू घ्या, जेवणात पिळा, उन्हाळ्यात सरबत करून प्या. पण वॉर्फरिन किंवा त्याच जातीचं अ‍ॅसिट्रॉम चालू असेल तर आयएनआर, म्हणजे रक्त गोठण्याची तपासणी, वेळेवर करा, आणि के जीवनसत्त्व असलेल्या मेथी-पालकासारख्या भाज्या अचानक खूप वाढवू किंवा बंद करू नका. पपनस किंवा ग्रेपफ्रूट खाण्याआधी आपली गोळी कोणती आहे ते सांगून डॉक्टरांना विचारा. आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय ती गोळी एक दिवसही चुकवू नका.