परवान्याचे पिस्तूल आणि दिल्लीची टळलेली चर्चा

10 जुलै 2025 रोजी गुरुग्रामच्या सेक्टर 57 मध्ये टेनिस खेळणाऱ्या आणि शिकवणाऱ्या एका 25 वर्षांच्या तरुणीचा राहत्या घरी गोळ्या लागून मृत्यू झाला, आणि त्या गोळ्या तिच्या वडिलांनीच स्वतःच्या परवान्याच्या .32 बोअरच्या रिव्हॉल्व्हरमधून झाडल्याचे पोलिसांनी सांगितले. बोअर म्हणजे नळीचा आतील व्यास; या व्यासाची हत्यारे भारतात सामान्य नागरिकाला परवान्यावर मिळू शकतात. त्यानंतर कित्येक दिवस दिल्लीच्या वृत्तवाहिन्यांवर मुलीच्या कमाईवर जगणाऱ्या बापाला गावकऱ्यांनी मारलेले टोमणे, तिच्या चित्रफिती, हरियाणातील पितृसत्ता आणि नव्या श्रीमंतीतील जुने मन या विषयांचा काथ्याकूट झाला. यांतील कोणताही विषय फालतू नव्हता. परंतु ते रिव्हॉल्व्हर त्या घरात कोणत्या कारणासाठी आले, परवाना देताना कोणी काय तपासले आणि भरलेले हत्यार स्वयंपाकघरापासून काही पावलांवर असणे हा नागरी जीवनाचा भाग कधीपासून झाला, हे प्रश्न फार थोड्यांना पडले. अमेरिकेतील एखाद्या शाळेत गोळीबार झाला की ज्या शहरातील संपादक दुसऱ्या दिवशी शस्त्रनियंत्रणावर अग्रलेख लिहून मोकळे होतात, त्या शहराचे हे मौन नवे नाही. त्याला स्वतःचा इतिहास आहे.

तो इतिहास साधारणपणे 1878 पासून सांगितला जातो. लॉर्ड लिटनच्या सरकारने देशी भाषांतील वृत्तपत्रांची मुस्कटदाबी करणारा कायदा ज्या वर्षी आणला, त्याच वर्षी हिंदी माणसाला विनापरवाना शस्त्र बाळगण्यास मनाई करणारा कायदाही आणला, आणि त्यामुळे शस्त्रबंदी म्हणजे गुलामगिरी हे समीकरण राष्ट्रीय चळवळीत इतके पक्के झाले की 1931 च्या कराची अधिवेशनात काँग्रेसने मूलभूत हक्कांच्या ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्कही नोंदवला. पुढे 30 जानेवारी 1948 रोजी दिल्लीतच, बिर्ला भवनाच्या हिरवळीवर, बेरेट्टा पिस्तुलातून गांधीजींवर तीन गोळ्या झाडण्यात आल्या. हे पिस्तूल अवघ्या दोन दिवसांपूर्वी ग्वाल्हेरमधून खटपट करून मिळवलेले होते, आणि कटातील माफीचा साक्षीदार दिगंबर बडगे हा पुण्यात ‘शस्त्र भांडार’ नावाचे दुकान चालवणारा, शस्त्रांची चोरटी विक्री करणारा इसम होता. मराठी वाचकाला हा तपशील ठाऊक असतो. मात्र त्याच वर्षाच्या डिसेंबरात, त्याच दिल्लीत, संविधान सभेत हरी विष्णू कामत यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा अशी दुरुस्ती सुचवली होती आणि डॉ. आंबेडकरांनी असा सरसकट हक्क देण्यास विरोध करून ती मागे सारली होती, याची आठवण क्वचितच काढली जाते. अनुच्छेद 19 मध्ये नागरिकाला शांततेने ‘आणि विनाशस्त्र’ एकत्र जमण्याचे स्वातंत्र्य मिळाले. गांधीहत्येला वर्षही झाले नसताना घडलेल्या त्या चर्चेत जी वैचारिक स्पष्टता होती, ती दिल्लीत नंतर पुन्हा दिसली नाही.

मधल्या पन्नासहून अधिक वर्षांवर रेंगाळण्यासारखे फारसे काही नाही. 1959 चा शस्त्र अधिनियम 1962 मध्ये अंमलात आला. 1983 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडे जास्तीत जास्त तीन अग्निशस्त्रे आणि परवान्यासाठी किमान 21 वर्षे वय अशा मर्यादा घातल्या. आणि बाकी काळ दहशतवाद, खलिस्तानी चळवळ, टोळीयुद्धे यांच्या संदर्भातच बंदुकीचा विचार झाला. बंदूक ही दुसऱ्यांची, दूरची, गुन्हेगाराची वस्तू आहे असे मध्यमवर्गाने मानून घेतले होते.

लक्ष देऊन पाहावे असे दशक म्हणजे 2006 ते 2016, कारण या दहा वर्षांत राजधानीला हा प्रश्न विचारण्याची संधी पुन्हा पुन्हा मिळाली आणि दर वेळी तिने दुसराच प्रश्न विचारला. एप्रिल 1999 च्या अखेरीस मेहरौलीतील टॅमरिंड कोर्ट या उपाहारगृहात, वेळ संपल्यामुळे मद्य नाकारले म्हणून जेसिका लाल हिची हत्या झाली होती. 21 फेब्रुवारी 2006 रोजी सत्र न्यायालयाने सर्व नऊ आरोपींना निर्दोष सोडले, तेव्हा इंडिया गेटवर मेणबत्त्या पेटल्या, एका साप्ताहिकाने आणि एका वाहिनीने छुप्या कॅमेऱ्याने साक्षीदारांचे पितळ उघडे पाडले, आणि त्याच वर्षी डिसेंबरात दिल्ली उच्च न्यायालयाने माजी केंद्रीय मंत्री विनोद शर्मा यांचा मुलगा मनू शर्मा याला दोषी ठरवले. फितूर साक्षीदार, पैशाचा माज, न्यायाची दिरंगाई या साऱ्यांची भरपूर चर्चा झाली आणि ती व्हायलाच हवी होती. पण आरोपीच्या नावे .22 बोअरच्या पिस्तुलाचा रीतसर परवाना होता, ते पिस्तूल तपासात कधीच सापडले नाही, आणि ते हजर न केल्याबद्दल उच्च न्यायालयाने त्याच्याविरुद्ध प्रतिकूल अनुमान काढले, म्हणजे दडवलेला पुरावा दडवणाऱ्याच्याच विरुद्ध जाईल असे गृहीत धरले. विशीतल्या तरुणाला रात्रीच्या मेजवानीत खिशात पिस्तूल घेऊन फिरण्याइतका सैल परवाना कोण देतो, हे मेणबत्तीवाल्यांनी विचारले नाही. त्या मेणबत्त्यांची प्रेरणा त्याच जानेवारीत आलेल्या ‘रंग दे बसंती’ या चित्रपटात होती असे तेव्हा कौतुकाने लिहिले गेले. त्या चित्रपटातील नायक शेवटी संरक्षणमंत्र्याला गोळी घालतात, याकडे कौतुक करणाऱ्यांनी सोयीस्कर काणाडोळा केला.

16 एप्रिल 2007 रोजी अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक विद्यापीठात एका विद्यार्थ्याने 32 जणांचा बळी घेतला. मृतांत प्राध्यापक जी. व्ही. लोगनाथन आणि मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनी असल्यामुळे भारतात ती बातमी घरची झाली, आणि अमेरिकी राज्यघटनेची दुसरी दुरुस्ती, म्हणजे शस्त्र बाळगण्याच्या हक्काला संरक्षण देणारी 1791 ची तरतूद, दिल्लीच्या स्तंभांतून धारेवर धरली गेली. ‘आपल्याकडे असे होत नाही’ हा त्या लेखनाचा पालुपदासारखा सूर होता. आठच महिन्यांनी, 11 डिसेंबर 2007 रोजी, गुडगावच्या, म्हणजे आजच्या गुरुग्रामच्या, युरो इंटरनॅशनल स्कूलमध्ये आठवीतल्या दोन मुलांनी आपल्याच वर्गमित्राला शाळेच्या इमारतीत गोळ्या घातल्या. पिस्तूल त्यांपैकी एकाच्या वडिलांचे, परवान्याचे होते.

या घटनेनंतर जे घडले ते त्या दशकाच्या वृत्तीचा नमुना म्हणून जपून ठेवावे असे आहे. वाहिन्यांनी मानसोपचारतज्ज्ञांना बोलावले, व्हिडिओ गेम, हिंदी चित्रपट, नोकरदार आईबाप आणि अमेरिकी संस्कृतीचे लोण यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले, शाळांनी दप्तरे तपासायला सुरुवात केली आणि धातुशोधक यंत्रांच्या गप्पा झाल्या. परंतु गुडगावच्या त्या घरात पिस्तूल अमेरिकेतून आले नव्हते. ते भारतीय कायद्याखाली, भारतीय अधिकाऱ्याच्या सहीने आले होते. ज्या कायद्यात 21 वर्षांखालील व्यक्तीला परवाना मिळत नाही, त्याच कायद्याच्या छायेत आठवीतल्या मुलाला ते हाताशी सापडले. याचे कारण समजण्यासाठी मानसशास्त्रापेक्षा जमिनीचे भाव पाहणे अधिक उपयुक्त ठरले असते. गुडगाव, फरिदाबाद, नोएडा आणि गाझियाबादच्या परिसरात शेतजमिनींचे भूखंड झाले, मोबदल्याचे आणि विक्रीचे पैसे एकाच पिढीच्या हाती आले, जमिनीच्या दलालीत रोकड आणि वैर दोन्ही वाढले, आणि मोठ्या गाडीच्या जोडीला कमरेचे पिस्तूल हा प्रतिष्ठेचा दागिना झाला. परवान्यासाठी ‘जिवाला धोका’ हे कारण पुरत असे, आणि जमिनीच्या व्यवहारात असलेल्या माणसाला ते खोटे बोलून सांगावे लागत नसे. भरीस भर म्हणजे राजधानी क्षेत्र एक असले तरी परवाना देणारे हात वेगवेगळे आहेत: दिल्लीत पोलिसांचा परवाना विभाग, उत्तर प्रदेशच्या बाजूला वर्षानुवर्षे जिल्हाधिकारी, हरियाणात तिसरीच यंत्रणा. 2016 अखेरच्या सरकारी आकडेवारीनुसार देशभरातील सुमारे 33.69 लाख परवान्यांपैकी 12.77 लाख एकट्या उत्तर प्रदेशात होते. राज्यांच्या सीमा अशा शहरात केवळ पथकराच्या नाक्यांवर जाणवतात.

2008 च्या मुंबई हल्ल्यानंतर वाद उलट्या दिशेने वळला. शस्त्र असते तर नागरिक प्रतिकार करू शकले असते, हा युक्तिवाद प्रतिष्ठित झाला; 2010 मध्ये केंद्रीय गृहमंत्रालयाने परवान्यापूर्वी पोलीस अहवाल अनिवार्य करणारे कडक धोरण आणले, तेव्हा त्याच सुमारास पुढे आलेल्या ‘नॅशनल असोसिएशन फॉर गन राइट्स इंडिया’ या संघटनेने 1878 च्या कायद्यावरील गांधीजींच्या टीकेचा आधार घेत या धोरणाला वसाहतवादी ठरवले. अहिंसेच्या पुरस्कर्त्याला पिस्तुलाच्या जाहिरातीत उभे करण्याचे धाडस दाद देण्यासारखे होते. संघटनेचा दुसरा मुद्दा मात्र खरा होता आणि आजही आहे: गुन्ह्यांत जप्त होणारी बहुसंख्य हत्यारे विनापरवाना असतात, मुंगेरचे गावठी कट्टे आणि मध्य प्रदेशातील खरगोन भागात घडवलेली पिस्तुले दिल्लीत पोहोचतात, आणि परवाना मागणारा माणूस कागदोपत्री तरी सरकारच्या नजरेखाली येतो. अडचण इतकीच की या खऱ्या मुद्द्याचा उपयोग परवान्याच्या हत्यारावर बोलणेच टाळण्यासाठी झाला, आणि शहरी उदारमतवाद्यांनी त्याचा प्रतिवाद करण्याऐवजी विषयच सोडून दिला.

2012 च्या अखेरीस हे विषयांतर हास्यास्पद टोकाला गेले. 17 नोव्हेंबरला छतरपूरच्या फार्महाउसवर मद्यसम्राट पाँटी चढ्ढा आणि त्यांचा भाऊ गोळीबारात ठार झाले आणि चर्चा मद्याच्या ठेक्यांची झाली. 14 डिसेंबरला अमेरिकेतील सँडी हूक शाळेत 20 बालके आणि सहा प्रौढ मारले गेले, आणि दिल्लीने पुन्हा अमेरिकेला उपदेश केला. दोनच दिवसांनी, 16 डिसेंबरच्या रात्री, दिल्लीच्या धावत्या बसमध्ये जो अत्याचार घडला त्याने देश हादरला. त्यानंतर स्त्रियांच्या सुरक्षेसाठी उजेडाचे रस्ते, बस, पोलीस आणि न्यायालये यांची मागणी झाली; आणि सरकारने दिलेल्या उत्तरांपैकी एक म्हणजे जानेवारी 2014 मध्ये कानपूरच्या सरकारी आयुध निर्माणीने बाजारात आणलेले ‘निर्भीक’ हे .32 बोअरचे, सुमारे 500 ग्रॅम वजनाचे, खास स्त्रियांसाठी म्हणून विकले गेलेले रिव्हॉल्व्हर. किंमत सुमारे 1 लाख 22 हजार रुपये. रात्रपाळीहून बसने परतणारी परिचारिका किंवा कारखान्यातील कामगार स्त्री ते कोणत्या पगारातून घेणार होती, हे निर्माणीने सांगितले नाही. बसमधील त्या अत्याचारानंतर मृत्यू पावलेल्या मुलीला माध्यमांनी दिलेल्या टोपणनावाशी नाते सांगणारे नाव हत्याराला देण्यात औचित्यभंग आहे, असे म्हणणारे आवाज उठले, पण ते क्षीण होते.

दशकाचे शेवटचे वर्ष दोन कारणांनी उल्लेखनीय आहे. एप्रिल 2016 मध्ये मंगोलपुरीत वरातीतील गोळीबाराने सज्जात उभ्या असलेल्या 17 वर्षांच्या मुलीचा बळी घेतला आणि ‘हर्ष फायरिंग’, म्हणजे लग्नकार्यात आनंदाच्या भरात हवेत केलेला गोळीबार, हा विषय न्यायालयापर्यंत गेला. त्याच वर्षी जुलैत नवे शस्त्र नियम आले, ज्यांत हत्यार हाताळण्याचे प्रशिक्षण, मानसिक-शारीरिक तंदुरुस्तीचा दाखला आणि हत्यार सुरक्षित ठेवण्याचे हमीपत्र यांची तरतूद झाली. गुडगावच्या शाळेनंतर साडेआठ वर्षांनी आलेली ही पहिली उपयोगी गोष्ट होती. हमीपत्र मात्र कागद आहे. घरी जाऊन कपाटाला कुलूप आहे की नाही हे पाहण्याची पद्धत त्याच्या मागोमाग रुजली नाही.

नंतरच्या काळाची नोंद थोडक्यात पुरेल. 2018 च्या वर्षअखेरीस दक्षिण दिल्लीच्या फार्महाउसवरील मेजवानीत एका स्त्रीला गोळी लागली आणि नंतर तिचा मृत्यू झाला. डिसेंबर 2019 च्या दुरुस्तीने हर्ष फायरिंगला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड ठरवला, अवैध शस्त्रांच्या शिक्षा वाढवल्या आणि शस्त्रांची कमाल मर्यादा तीनवरून एकवर आणण्याचा मूळ प्रस्ताव विरोध झाल्यावर दोनवर थांबवला. जामिया, रोहिणी न्यायालय, ग्रेटर नोएडातील विद्यापीठ अशा ठिकाणी गोळ्या चालत राहिल्या, आणि फेब्रुवारी 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विनापरवाना शस्त्रांची स्वतःहून दखल घेताना भारतात अमेरिकेसारखा शस्त्राचा घटनात्मक हक्क नाही याची आठवण करून दिली. विनापरवाना शस्त्रांची, पुन्हा एकदा. परवान्याच्या अटी मोडणाऱ्याला अधिनियमाचे कलम 30 आजही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड सांगते, आणि ‘निर्भीक’च्या किमतीशी त्या दंडाची तुलना ज्याने त्याने करावी.

प्रशासनाला परवान्याची हत्यारे हाताळता येत नाहीत असे मात्र म्हणता येणार नाही. प्रत्येक निवडणुकीत आचारसंहिता लागू झाली की छाननी समिती बसते, परवानाधारकांना नोटिसा जातात, पिस्तुले आणि दुनळी बंदुका पावती घेऊन पोलीस ठाण्यात जमा होतात, आणि ज्याला हत्यार स्वतःजवळ ठेवायचे असेल त्याला त्याची गरज पटवून द्यावी लागते. मतदान केंद्राजवळ भरलेले हत्यार धोक्याचे असते, ते कायदेशीर असले तरीही, हे यात सरळ मान्य केलेले आहे. निकालानंतर आठवडाभराने ती सारी हत्यारे मालकांना परत दिली जातात.