पाणी, युरोपियम आणि रुथेनियम

युरोपियम या धातूचा आयन तांबडा उजेड देतो, पण प्रकाश शोषण्यात तो फार कच्चा. १९४२ मध्ये सॅम्युएल वाइसमन यांनी यावर तोड दाखवली. आयनाभोवती सेंद्रिय रेणू बांधला की प्रकाश तो रेणू शोषतो, ऊर्जा आयनाला देतो आणि युरोपियम उजळते.

हा उजेड वैद्यकीय तपासणीत वापरायचा, तर अडचण होती पाण्याची. रक्त काय, पेशी काय, सगळीकडे तेच. धातूला चिकटलेल्या पाण्यातील ऑक्सिजन-हायड्रोजन बंधांची कंपने ही ऊर्जा परस्पर गिळतात. साध्या पाण्यात युरोपियमचा उजेड मिलिसेकंदाच्या दहाव्या भागाच्या आसपास मावळतो. हायड्रोजनच्या जागी जड हायड्रोजन असलेल्या ‘जड’ पाण्यात तो कितीतरी पट टिकतो. या फरकावरूनच हॉरॉक्स आणि सडनिक यांनी १९७९ मध्ये धातूला पाण्याचे किती रेणू चिकटले आहेत ते मोजण्याची रीत बसवली. कोणते वेष्टन किती गळते, ते त्यामुळे कळू लागले.

पहिले मोठे यश फिनलंडमधील तुर्कू शहरात, १९८० च्या दशकात मिळाले. रक्तद्रवही स्वतः चमकतो, पण ती चमक नॅनोसेकंदांत विझते. एर्की सोइनी, इल्क्का हेमिला आणि सहकाऱ्यांच्या डेल्फिया पद्धतीत दिव्याचा एक झोत टाकून ४०० मायक्रोसेकंद नुसते थांबायचे, रक्ताची चमक जाऊ द्यायची, आणि मग उरलेला तांबडा उजेड मोजायचा. गंमत अशी, की रक्तातला हवा तो पदार्थ हुडकणाऱ्या प्रतिपिंडाला जोडलेले युरोपियम आधी जवळपास मंदच असते. म्हणून मोजणीपूर्वी एक आम्लधर्मी द्रावण घालतात. त्यात धातू सुटतो, नव्या रेणूंनी वेढला जातो आणि साबणासारख्या पदार्थाच्या सूक्ष्म थेंबात, पाण्यापासून लपून, झळकतो. नवजात बाळांच्या थायरॉइड तपासणीत ही पद्धत रुळली. झाँ-मारी लेन यांच्या पिंजऱ्यासारख्या रेणूंनी मात्र धातू न सोडवताच त्याला आसरा दिला.

रुथेनियमची वाट वेगळी. १९७२ मध्ये टेक्सासमध्ये टोकेल आणि बार्ड यांनी त्याचे बायपिरिडिन-संयुग विजेने उजळवले. पुढे हेच पाण्यात, ट्रायप्रोपिलअमाइनच्या मदतीने साधले. आज आपल्याकडच्या थायरॉइड रिपोर्टवर ‘ईसीएलआयए’ अशी अक्षरे दिसतात, ती याच पद्धतीची. १९९० मध्ये जॅकलिन बार्टन, सोव्हाज आणि सहकाऱ्यांनी असे रुथेनियम-संयुग दाखवले, जे पाण्यात विझलेले राहते आणि डीएनएच्या पायऱ्यांत शिरले, तिथे पाण्यापासून आडोसा मिळाला, की पेटते.

उपचारात रुथेनियम-संयुगाचा प्रकाशाने उत्तेजित झालेला, दीर्घायुषी रेणू आपली ऊर्जा ऑक्सिजनला देतो आणि त्यातून पेशीनाशक ऑक्सिजन तयार होतो. शेरी मॅकफार्लंड यांच्या टीएलडी-१४३३ या रुथेनियम-संयुगाच्या मूत्राशयाच्या कर्करोगावरील मानवी चाचण्या २०१७ मध्ये कॅनडात सुरू झाल्या. औषध थेट मूत्राशयात सोडून आतूनच हिरवा प्रकाश देतात, कारण हा प्रकाश ऊतीत फार खोल जात नाही. प्रतिमांकनाचीही तीच गत: युरोपियम-संयुगांना लागणारा अतिनील प्रकाश कातडीतच अडतो, म्हणून त्यांची खरी कमाई अजून परीक्षानळीत आणि पेशींच्या काचपट्टीवरच आहे.