आजींचे बावखल आणि चर्चमागची वाडी

वयोवृद्ध रुग्ण समोर बसले, भूक, झोप, पोट आणि सांधे यांची चौकशी झाली, की मी आणखी एक प्रश्न विचारतो : मातीत हात घालून किती दिवस झाले? पुष्कळांना ती थट्टा वाटते. काही वर्षांपूर्वी एका आजींना हाच प्रश्न विचारला, तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. वसईकडच्या एका ख्रिस्ती कुटुंबातील या आजींचे सारे आयुष्य केळी, पानवेली आणि फुलझाडांच्या वाडीत गेले होते. पती निवर्तल्यावर डहाणूला नोकरी करणाऱ्या मुलाने त्यांना आपल्या दुसऱ्या मजल्यावरील घरी आणले. मुलगा-सून मायेची. औषधे वेळेवर, जेवण वेळेवर. तरीही वर्षभरात आजींचे वजन उतरले, साखर वाढली, झोप उडाली आणि चालताना भिंतीचा आधार घेण्याची सवय लागली. मुलगा अभिमानाने म्हणाला, "डॉक्टर, आम्ही आईला काडीसुद्धा उचलू देत नाही." अर्धे निदान मला त्या वाक्यातच मिळाले.

आजी मात्र आजाराविषयी बोलतच नव्हत्या. त्या त्यांच्या बावखलाविषयी बोलत होत्या. ज्यांना हा शब्द अपरिचित आहे, त्यांच्यासाठी सांगतो. वसईच्या गावांत वाडीलगत गोड्या पाण्याचे छोटे तळे खणलेले असे, त्याला बावखल म्हणतात. पावसाचे पाणी त्यात साठे, हळूहळू जमिनीत मुरे आणि आसपासच्या विहिरी जिवंत ठेवी. वाडीला पाणी रहाटाने दिले जाई. समुद्र इतका जवळ असूनही विहिरींचे पाणी गोड राही, ते जमिनीत मुरलेल्या या गोड्या पाण्याच्या दाबामुळे. उपसा वाढला आणि मुरणे थांबले, की समुद्राचे खारे पाणी त्या पोकळीत आत सरकते.

वसईत नेमके तेच घडू लागले. इमारती उभ्या राहिल्या, बावखले भरावाखाली गेली, विहिरींचे पाणी टँकरने बाहेर जाऊ लागले. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हरित वसई संरक्षण समितीची चळवळ याविरुद्ध उभी राहिली. तिचे नेतृत्व फादर फ्रान्सिस दिब्रिटो या कॅथलिक धर्मगुरूने केले. हेच फादर पुढे जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबाद येथे भरलेल्या त्र्याण्णवाव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले. चळवळीत सर्व धर्मांचे लोक होते, पण वाडी कसणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांचा, विशेषतः स्त्रियांचा, त्यात मोठा वाटा होता. अलीकडे तेथील तरुण मुले उरलेली बावखले शोधून त्यांतील गाळ आणि कचरा काढतात, ही त्याच वारशाची पुढची पिढी.

धर्मगुरूने पाण्याच्या टँकरमध्ये का लक्ष घालावे, असे आपल्याला वाटेल. एक डॉक्टर म्हणून मला त्याचे नवल वाटत नाही. विहीर खारट झाली, की ते मीठ स्वयंपाकघरात येते आणि रक्तदाबाच्या, हृदयाच्या व मूत्रपिंडाच्या रुग्णांना मी लिहून दिलेले कमी मिठाचे पथ्य कागदावरच राहते. शिवाय श्रद्धेच्या बाजूनेही हा प्रश्न दूरचा नाही. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी येथील ख्रिस्ती समाज 'आगेरा' साजरा करतो, भाताच्या पहिल्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वादित करतो. शेतच उरले नाही, तर वेदीसमोर ठेवायला लोंबी कोठून आणायची? पोप फ्रान्सिस यांनी पृथ्वीला सर्वांचे सामायिक घर म्हणून जपण्याचे आवाहन करणारे 'लाउदातो सी' हे परिपत्रक २०१५ मध्ये प्रसिद्ध केले, तेव्हा वसईच्या लोकांना त्यात फारसे नवे काही वाटले नसावे.

आमच्या डहाणू-तलासरीची स्थिती निराळी आहे. २० जून १९९१ च्या केंद्र सरकारच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवला गेला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून त्याच्या रक्षणासाठी प्राधिकरण नेमले गेले आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी यांनी ती जबाबदारी दीर्घकाळ वाहिली. त्यामुळे धुराडी रोखता आली. परंतु २०१३ मध्ये लोकल डहाणू रोडपर्यंत आली, आणि वसईने जे भोगले त्याची चाहूल आम्हालाही लागली. अंगणात फरशी आली, परसात गाडी उभी राहू लागली. या गोष्टी कोणतीही अधिसूचना रोखू शकत नाही.

चर्चच्या रचनेत वसई धर्मप्रांत तलासरीपर्यंत पसरलेला आहे. तलासरीला येशूसंघीयांचे ज्ञानमाता सदन आदिवासी मुलांच्या शिक्षणाचे काम करते. येथील ख्रिस्ती समाज संख्येने लहान आहे. वसईसारखी पिढ्यान्‌पिढ्यांची बागायत त्याच्याकडे नाही, मात्र वारली आजी-आजोबांकडे रानभाज्यांचे ज्ञान आहे, आणि ते वसईच्या आजींच्या ज्ञानाला येऊन मिळते. पावसाच्या तोंडावर निघणारी शेवळे दोघींकडेही रांधली जातात आणि घशाला खाज येऊ नये म्हणून त्यांत काकड घालावे, हेही दोघींना ठाऊक असते. (खाज सुटते ती त्यातील ऑक्झलेटच्या सूक्ष्म स्फटिकांमुळे. ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे, त्यांनी शेवळांचा मोह आवरावा.)

आता आजींकडे वळतो. मी मुलाला सांगितले, की आईला एखादी वाडी मिळवून द्या, वीतभर असली तरी चालेल. त्याने चर्चच्या फादरांकडे शब्द टाकला. चर्चमागे झुडपे माजलेला एक तुकडा होता. रविवारच्या मिस्सेनंतर चार-पाच वृद्ध मंडळी तेथे जमू लागली. जड खणकाम तरुणांनी केले, काय आणि केव्हा पेरायचे ते आजींनी ठरवले. छपराचे पावसाचे पाणी मुरण्यासाठी एक शोषखड्डाही झाला. आजी त्याला बावखलच म्हणत. शेजारच्या हिंदू घरातील एक निवृत्त गुरुजीही रोज येऊ लागले. कोठे काही अडले तर डहाणू तालुक्यातील कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घेता येतो.

जागतिक आरोग्य संघटना ज्येष्ठांनाही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रम, तोल सांभाळण्याचे व्यायाम आणि रोज ४०० ग्रॅम फळे-भाज्या सुचवते. मी हे आकडे रुग्णांना सांगतो, ते मान डोलावतात आणि घरी जाऊन बसून राहतात. वाफ्याला पाणी घालणारा माणूस मात्र न सांगता वाकतो, उठतो, चालतो. हे करताना काळजी हवीच. ऊन चढण्यापूर्वी काम आटोपावे. रक्तदाबाच्या किंवा प्रोस्टेटच्या गोळ्या चालू असतील तर बसलेल्याने एकदम उठू नये, चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. गुडघे कुरकुरत असतील तर उकिडवे बसण्याऐवजी स्टूल घ्यावे किंवा वाफाच कमरेइतका उंच करावा. मधुमेह्यांनी मातीत अनवाणी जाऊ नये. पायाला संवेदना नसेल तर काटा रुतलेला कळत नाही, आणि त्या काट्यापायी बोट गमावलेले रुग्ण मी पाहिले आहेत. धनुर्वाताची लस घेतली आहे का, ते तपासावे. रक्त पातळ करणारी वॉरफरिनची गोळी घेणाऱ्यांनी पालेभाजी टाळू नये, पण तिचे प्रमाण रोज साधारण सारखे ठेवावे, एरवी औषधाचा परिणाम कमी-जास्त होतो.

आमच्या भागात नाग, मण्यार, घोणस, फुरसे हे चारही विषारी साप आहेत. पालापाचोळ्यात हात घालण्यापूर्वी काठीने तो हलवावा. दंश झालाच तर आवळून बांधू नये, जखम चिरू नये, भगताकडे वेळ दवडू नये. तो अवयव न हलवता रुग्णाला तडक सरकारी रुग्णालयात न्यावे.

घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल, तर त्याला रोज त्याच वेळी त्याच कुंडीला पाणी घालायला द्यावे. दोनदा घातले तरी रागावू नये. कीटकनाशकाची बाटली मात्र अशा घरात असूच नये.

आजींची साखर पुढे आटोक्यात आली. तिचे सारे श्रेय मी वाडीला देणार नाही, गोळीचा डोसही मी वाढवला होता. झोप मात्र गोळीविना परतली आणि भिंतीचा आधार सुटला. मुलाची तक्रार आता एवढीच, की आई रविवारी घरी लवकर येत नाही. मागच्या खेपेस आजींनी माझ्या टेबलावर एक दुधी ठेवला आणि हळूच विचारले, "डॉक्टर, घोलवडचा चिकू तरी खाऊ ना?"

"अर्धा," मी म्हणालो. "आणि तोही जेवणानंतर लगेच नको."