स्मृतिभ्रंश आणि उच्च रक्तदाब

कुरुंदा (ता. वसमत, जि. हिंगोली) किंवा मराठवाड्यातील तत्सम कोणत्याही गावी वृद्ध मनुष्य नातवंडांची नावे विसरू लागला, की त्यास म्हातारचळ लागला असे म्हणून विषय संपविला जातो. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण त्याच समजुतीची साक्ष होय. वस्तुतः साठीनंतर प्रकट होणाऱ्या ह्या हानीचा काही अंश चाळिशीपासून चढलेल्या रक्तदाबाने घडविलेला असतो, आणि तेवढा तरी टाळता येण्याजोगा असतो.

मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे २ टक्के, परंतु प्राणवायूचा त्याचा वाटा सुमारे २० टक्के. त्याच्या खोल भागांना रक्त पुरविणाऱ्या बारीक रोहिण्या मोठ्या रोहिणीतून जवळजवळ काटकोनात फुटतात. दाब क्रमाने उतरावा एवढे अंतर त्यांना लाभत नाही. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा आघात त्यांच्या भित्तींवर जवळजवळ थेट पोहोचतो. वर्षानुवर्षे हे चालले म्हणजे भित्ती जाड व ताठर होतात, पोकळी अरुंद होते, आणि काही रोहिण्या बुजून त्या जागी काही मिलिमीटरांचे खळगे उरतात. मेंदूच्या भागांना परस्परांशी जोडणारे श्वेतद्रव्य अर्धपोटी राहून झिजते. ललाटखंडाकडे जाणारे तंतू त्यात सापडतात, म्हणून पुष्कळदा स्मृतीच्या आधी विचाराचा वेग, कामाची आखणी आणि चाल ही मंदावतात. घरच्यांना तो केवळ आळस वाटतो.

अल्झायमरचा विकार निराळा. पण तो आणि ही रक्तवाहिन्यांची हानी एकाच मेंदूत नांदू शकतात. अमेरिकेतील जोगिणींच्या मेंदूंच्या मरणोत्तर तपासणीत (१९९७) असे आढळले, की अल्झायमरच्या खुणा असलेल्यांपैकी ज्यांच्या मेंदूच्या खोल भागात असे एक-दोन जरी खळगे होते, त्यांच्यात हयातीत स्मृतिभ्रंश दिसून आल्याचे प्रमाण फारच अधिक होते.

येथे एक विरोधाभास ध्यानात घेतला पाहिजे. स्वीडनमधील गोथेनबर्ग येथील अभ्यासात (१९९६) ज्यांना पुढे ७९ ते ८५ ह्या वयात स्मृतिभ्रंश झाला, त्यांचा सत्तराव्या वर्षीचा दाब इतरांहून अधिक होता. परंतु विकार प्रकट होण्यापूर्वीच्या वर्षांत तो उतरत गेला. वजन घटणे आणि दाबाचे नियमन करणाऱ्या मेंदूतील केंद्रांची झीज ही त्याची संभाव्य कारणे होत. तेव्हा स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धाचा दाब आज सामान्य आढळला, एवढ्यावरून रक्तदाब निर्दोष ठरविणे चुकीचे होईल. उलट, दीर्घकाळ चढ्या दाबाला सरावलेल्या मेंदूत रक्तप्रवाह स्थिर राखण्याची मर्यादाच वर सरकलेली असते. अशा वेळी औषधांनी दाब एकदम खाली आणला तर मेंदूला रक्त अपुरे पडण्याचा धोका असतो. चाळिशीतील माणसाला लागू असलेला नियम ऐंशीच्या स्मृतिभ्रष्टाला जसाच्या तसा लावता येत नाही.

मध्यम वयात दाब उतरविल्याने खरोखरच लाभ होतो काय? अमेरिकेत ९,३६१ व्यक्तींवर झालेल्या चाचणीत (२०१९) वरचा दाब १२० च्या खाली ठेवण्याचे लक्ष्य असलेल्या गटात सौम्य बुद्धिमांद्य १९ टक्क्यांनी कमी आढळले. प्रत्यक्ष स्मृतिभ्रंशातील घट मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीस उतरली नाही. कुरुंद्याच्या दृष्टीने अधिक जवळचा प्रयोग चीनमधील होय. तेथील ३२६ खेड्यांतील ३३,९९५ लोकांपैकी निम्म्या खेड्यांत, प्राथमिक आरोग्यसेवेतील डॉक्टरांच्या देखरेखीखाली, गावच्याच वैद्यकसेवकांनी औषधे देऊन दाब १३०/८० च्या खाली आणण्याचा यत्न केला. चार वर्षांत त्या खेड्यांत स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी कमी आढळला (२०२५). ह्यासाठी मोठे रुग्णालय लागले नाही, हे विशेष.

महाराष्ट्र हे २०१७ साली सुरू झालेल्या भारतीय उच्चरक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या पाच राज्यांपैकी एक होते. अशा उपक्रमांत खरी अडचण औषधाची नसून सातत्याची असते. दाब दुखत नाही, म्हणून गोळी सुटते. स्मृतिभ्रंश जडल्यावर तर ही अडचण दुप्पट होते: रोगी गोळी घ्यावयाची विसरतो, किंवा घेतल्याचे विसरून पुन्हा घेतो. ह्यास्तव त्या अवस्थेत गोळ्यांची डबी घरातील दुसऱ्या कोणा एकाच्या हाती असावी लागते, आणि दाब बसून तसेच उभे राहूनही मोजावा लागतो.